टाकीच्या पोटातलं पाणी

जळगावहून अजिंठ्याकडे निघालं की वाटेत जामनेर तालुक्यातलं पहूर लागतं. पेठ आणि कसबे अशा दोन भागांचं हे गाव वाघूर नदीकाठी वसलेलं आहे. जामनेर, शेंदुर्णी-पाचोरा, जळगाव आणि अजिंठा अशा चारी दिशांच्या गाड्या इथून जातात. अशा गावात पंक्चरच्या दुकानाला सुट्टी नसते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या टायरांचं काम वाढतं, आणि लाइट गेली म्हणून कुणाची गाडी अडवून ठेवता येत नाही. म्हणून फाट्यावर, शेताच्या बांधावर, गेट-ग्रिल रंगवणाऱ्या कारागिराच्या टेम्पोत पेट्रोल इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर दिसतो. चोक लावायचा, दोरी ओढायची, इंजिन धडधडू लागतं, गेजचा काटा चढतो.

इंजिन चालू असेपर्यंत माणूस सावध असतो. आवाज असतो, बेल्ट फिरताना दिसतो, सायलेन्सरचा चटका ठाऊक असतो. इंजिन बंद झालं की सगळे निर्धास्त होतात. पण टाकीतली हवा तेव्हाही तेवढ्याच जोराने पत्र्याला रेटत असते. कॉम्प्रेसर सांभाळणं म्हणजे मुख्यतः ही गप्प उभी असलेली टाकी सांभाळणं, आणि त्यामागचं विज्ञान हवा भरणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे.

टाकीत नेमकं काय साठतं?

रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. तापमान तेच असेल तर हवेची जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो. गेजवर आठ किलो, म्हणजे सुमारे ११४ पौंड दाखवणाऱ्या शंभर लिटरच्या टाकीत बाहेरची जवळजवळ नऊशे लिटर हवा कोंबलेली असते. आठ किलो म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आठ किलो वजनाचा रेटा. टाकीचा व्यास चाळीस सेंटिमीटर धरला तर तिच्या एकेका झाकणावर दहा टनांचा रेटा येतो. सलग जोडांतला निरोगी पत्रा हा भार सहज पेलतो.

या हवेत साधारण एक लाख ज्यूल ऊर्जा दडलेली असते. एक टन वजन दहा मीटर उंच उचलायला एवढीच ऊर्जा लागते. टायरमध्ये ती हळूहळू जाते तेव्हा ती कामाची. पत्रा फाटला तर तीच क्षणार्धात सुटते आणि झाकण, पत्र्याचे तुकडे, शेजारची पाने-पकडी गोळीसारखी उडवते.

म्हणूनच टाकीची ताकद तपासताना तिच्यात हवा भरत नाहीत, पाणी भरतात. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. शंभर लिटर पाण्यावर बारा किलोचा दाब दिला तरी पाण्यात आणि ताणलेल्या पत्र्यात मिळून साठणारी ऊर्जा शंभर ज्यूलच्या आसपासच राहते. टाकी कमजोर असेल तर पाणी झिरपतं, चिळकांडी उडते, आणि माणूस वाचतो. तीच चाचणी हवेने केली तर टाकीचा बाँब होऊ शकतो. टाकीवर पट्टी असते, तिच्यावर कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि बनावटीचं वर्ष कोरलेलं असतं. जुन्या बाजारातून टाकी घेताना ही पट्टी नसेल तर ती टाकी घेऊ नये. कारखान्यांमधल्या दाबयंत्रांसाठी २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३१ होतं. रस्त्याकडेच्या दुकानात तपासणीला कुणी येत नाही, म्हणून तिथली जबाबदारी मालकाचीच.

हवा तापते आणि घामेजते

सायकलला पंप मारताना नळीचा खालचा भाग गरम लागतो, कारण दाबली की हवा तापते. ३० अंशांची हवा एकाच दमात आठ किलोपर्यंत दाबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर गणिताने तिचं तापमान २९० अंशांच्या वर जातं. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हेच गणित ३२० च्या पुढे पोचतं. प्रत्यक्षात हेडच्या पंख्या उष्णता बाहेर टाकतात, त्यामुळे आकडा बराच खाली राहतो. पण त्या पंख्यांवर कापसाची तूस आणि काळ्या मातीची धूळ बसली की उष्णतेची वाट बंद होते. मग पंपातलं तेल जळतं, व्हॉल्व्हवर काजळी धरते, काजळीमुळे व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि तापलेली हवा मागे येऊन पुन्हा दाबली जाते, पुन्हा तापते. मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये हवा दोन टप्प्यांत दाबतात आणि मध्ये थंड करतात, ते याचसाठी. आपल्या छोट्या यंत्राला सावली, चारी बाजूंनी मोकळी जागा आणि स्वच्छ पंख्या मिळाल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

आता टाकीतल्या पाण्याकडे येऊ. हवेत बाष्प असतंच. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं. ही हवा दाबून एक नवमांश जागेत बसवली आणि ती टाकीत ३५ अंशांपर्यंत निवली, तर एवढ्याशा जागेत साडेचार ग्रॅमच्या आसपासच बाष्प राहू शकतं. बाकीचे वीसेक ग्रॅम पाणी होऊन तळाशी उतरतात. दिवसभरात दहा घनमीटर हवा ओढली तर पेलाभर पाणी टाकीत जमलं.

उन्हाळ्यात हे गणित फसवं होतं. भर दुपारी हवा कोरडी असते आणि टाकीही तापलेली असते, त्यामुळे खालचा कॉक उघडला तर थेंबही येत नाही. ‘उन्हाळ्यात कुठलं आलंय पाणी’ असं म्हणून कॉक महिनोन्महिने बंद राहतो. पण रात्री टाकी निवते, दुपारी वाफेच्या रूपात असलेलं पाणी पत्र्यावर सुटतं आणि तळाशी जमतं. दुसऱ्या दिवशी त्यावर नवी हवा चढते. पावसाळा असो वा उन्हाळा, पाणी साठतंच. फक्त ते दिसण्याची वेळ बदलते.

काम संपल्यावर टाकीतला दाब अर्ध्या-एक किलोवर आणायचा, तोंड बाजूला ठेवायचं आणि तळाचा कॉक सावकाश फिरवायचा. आधी फुर्र आवाज येतो, मग चहासारखं तांबूस, तेलकट फेसाचं पाणी उडतं. ते तांबूसपण म्हणजे टाकीचा पत्रा. लोखंड, पाणी आणि दाबलेल्या हवेतला भरपूर ऑक्सिजन असे तिघे आत एकत्र आलेले असतात. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आतून तळ पोखरला जात असतो. पत्र्याची जाडी निम्मी झाली की त्याच दाबाला त्यावरचा ताण दुप्पट होतो. पाणी पूर्ण निथळेपर्यंत कॉक उघडा ठेवावा. रात्रभर उघडा राहिला तरी चालतो.

टाकीला कुठे सुईएवढं भोक पडून हवा सुसू लागली, तर तो शेवटचा इशारा समजावा. त्यावर एम-सील लावणं किंवा वेल्डिंगचा ठिपका मारणं म्हणजे जीवाशी खेळ. भोकाच्या आजूबाजूचा पत्राही तितकाच कुजलेला असतो आणि वेल्डिंगच्या आचेने तो आणखी ठिसूळ होतो. अशी टाकी भंगारातच जायला हवी.

पेट्रोलचं इंजिन असेल तर

विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये ठरलेल्या दाबाला स्विच पडतो आणि मोटर थांबते. पेट्रोल इंजिन असं मिनिटामिनिटाला बंद-चालू करता येत नाही. म्हणून तिथे अनलोडर व्हॉल्व्ह असतो. टाकी भरली की तो पंपाची हवा बाहेर सोडतो, इंजिनाची गती उतरते, आणि दाब कमी झाला की पुन्हा भरणं सुरू होतं. हा व्हॉल्व्ह काजळीने अडकला तर इंजिन दाबत राहतं आणि काटा लाल रेषेपलीकडे जातो. त्यावेळी आधार उरतो तो एकट्या सेफ्टी व्हॉल्व्हचा. त्याची कडी आठवड्यातून एकदा ओढून पाहावी. हवा जोरात सुटली आणि कडी सोडल्यावर थांबली तर तो जिवंत आहे. तो गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट ठोकणाऱ्याने आपल्या हाताने शेवटचा दरवाजा बंद केलेला असतो. उन्हाचाही विचार करावा: ३० अंशाला आठ किलो भरलेली टाकी उन्हात ६० अंशांपर्यंत तापली तर काटा नऊच्या जवळ जातो. भरलेली टाकी ट्रॉलीत उन्हात ठेवून जेवायला जाऊ नये.

पेट्रोलचा दुसरा धोका वासही देत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून बसतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि उठून बाहेर जायचं भानही राहत नाही. शटर अर्धं ओढलेल्या दुकानात, बंद शेडमध्ये हे इंजिन चालवूच नये. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरींतला गाळ काढतात, खडक फोडतात, तेव्हा तर फारच सांभाळावं लागतं. इंजिन विहिरीत उतरवू नये, विहिरीच्या तोंडाशीही ठेवू नये. वाऱ्याची दिशा पाहून धूर विहिरीपासून लांब जाईल असं ठेवावं. आत कुणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उडी मारू नये. आधी इंजिन बंद करावं, मदत बोलवावी आणि दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढावं. एकाला वाचवायला गेलेला दुसरा, मग तिसरा, असे अपघात या एका घाईने होतात.

पेट्रोल उणे ४० अंशांनासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. चालू किंवा तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये. दहा-पंधरा मिनिटं निवू द्यावं. पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरू नये, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. भरताना जवळ बिडी, पंक्चर चिकटवायची शेगडी, वेल्डिंग काही नको. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या नरम करतं. यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्यावं आणि कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावं.

रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं

सुरू करण्याआधी यंत्र सपाट जागी ठेवून दोन तेलं पाहावीत: इंजिनाचं वेगळं आणि पंपाचं वेगळं. पंपात हाताला येईल ते इंजिन ऑइल न घालता कंपनीने सांगितलेलं कॉम्प्रेसर ऑइलच घालावं. टाकी रिकामी असतानाच दोरी ओढावी, म्हणजे इंजिनावर भार येत नाही. बेल्टवरची जाळी कधीही काढून ठेवू नये. उपरण्याचं टोक किंवा सैल बाही ओढली जायला एक क्षण पुरतो.

आठवड्यातून एकदा एअर फिल्टर झटकावा. कापसाच्या हंगामात हे रोज करावं लागतं, कारण फिल्टरवर तुसीचा थर बसला की पंपाचा दम कोंडतो. हवेचा पाइप वाकवून भेगा पाहाव्यात. दाबाखाली तुटलेला पाइप चाबकासारखा फिरतो. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल बहुधा २० तासांनंतर आणि मग दर १०० तासांनी बदलायचं असतं. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती पाहावी. कुठलाही नट सैल करण्याआधी प्लगची वायर काढावी आणि टाकी शून्यावर आणावी.

हवेचा झोत माणसावर कधीही धरू नये. अंगावरची धूळ उडवायला गन वापरण्याची सवय सगळीकडे दिसते, पण या झोताने डोळ्यात कण घुसतो, कानाचा पडदा फाटतो, जखमेतून हवा कातडीखाली शिरते. थट्टेत शरीरात हवा सोडल्याने आतडी फाटून तरुण कामगार मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रातूनही आल्या आहेत. ही थट्टा नव्हे, हे जीव घेणं आहे. ट्रकच्या लॉक रिंग असलेल्या चाकात हवा भरताना रिंगसमोर कुणी उभं राहू नये. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइप आणि चिमट्याची नळी लावून बाजूला उभं राहून हवा भरावी.

फाट्यावरच्या दुकानात हे काम बहुतेक वेळा नुकतंच शाळा सोडलेल्या पोराच्या हाती येतं. दोरी कशी ओढायची, गन कशी धरायची हे तो बघून बघून शिकतो. दाब, उष्णता, बाष्प यांची गणितंही त्याने शाळेत सोडवलेली असतात. ती याच टाकीत चालू आहेत हे मात्र त्याला कुणी दाखवलेलं नसतं. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढायला आणि तळाचा कॉक फिरवायला एक पैसाही लागत नाही. म्हणून हवा भरायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी त्या पोराला टाकीखाली वाकवून तो कॉक दाखवावा, स्वतःच्या हाताने उघडायला लावावा, आणि पाणी कुठून आलं ते समजावून सांगावं. कारण कळलेलं काम माणूस मालक समोर नसतानाही करतो.