वतनाची जमीन : शर्त काढावी की ठेवावी?

१९८१ साली मुंबईचा कांदा-बटाटा बाजार तुर्भ्याला आला आणि त्याच्याबरोबर पोती वाहणारे कष्टकरीही आले. एपीएमसी मार्केटमध्ये घाम गाळणाऱ्या आपल्या अनेक बांधवांची गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे. मात्र सातबारा उतारा हाती आला की त्यावर 'महार वतन', 'नवीन शर्त' किंवा 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा दिसतो. मग प्रश्न पडतो : जमीन आपली, तर विकायला कलेक्टरची परवानगी कशाला?

याचे मूळ इतिहासात आहे. निरोप पोचविणे, गावाची राखण, सरकारी अंमलदारांची सरबराई अशा कामांच्या मोबदल्यात महारांना वतनी जमीन मिळे. तुकडा लहान, वाटेकरी पुष्कळ आणि राबणे मात्र बारमाही. वतन हा मान नसून गुलामीची दोरी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पूर्ण आकारणी भरून जमीन वतनदाराकडेच राहावी आणि सेवेची सक्ती सुटावी, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक मंजूर होऊ शकले नाही.

पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. आकारणीच्या ठरावीक पटीत रक्कम भरणाऱ्यास जमीन परत देण्यात आली. मात्र एक अट राहिली : कलेक्टरच्या पूर्वपरवानगीवाचून ती हस्तांतरित करता येत नाही, किंवा सरस-निरस वाटणी करून तुकडे पाडता येत नाहीत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत असे धारक 'भोगवटादार वर्ग २' मध्ये मोडतात.

शर्त काढावी, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. जी सेवा रद्द झाली तिच्यापोटी आलेले बंधन वारसांनी का वाहावे? बिगरशेती वापरासाठी द्यावा लागणारा नजराणा बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. मजुरी करणाऱ्याला तो कुठून परवडणार?

परंतु दुसरी बाजूही पाहावी. शहरे वाढली तशी वतनी जमिनींवर दलालांची नजर गेली. अडचणीतल्या वारसाकडून थोड्या पैशांत कुलमुखत्यारपत्र घेणे सोपे असते. शर्त असल्याने अशा व्यवहाराला निदान एक अडसर राहतो. २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातील वतनी जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा हा विषय पुन्हा सर्वांसमोर आला.

म्हणून केवळ 'शर्त काढा' ही मागणी अपुरी आहे. शर्त उठविताना नजराणा कष्टकऱ्याला झेपेल असा असावा, विक्रीस सर्व वारसांची समजून-उमजून दिलेली संमती असावी आणि किंमत वारसांच्या हाती पडावी. एवढे झाले नाही तर बंधन सुटेल, पण त्याबरोबर जमीनही सुटेल.

तोपर्यंत आपण काय करावे? वारसा म्हणजे हस्तांतरण नव्हे. वडील वारल्यावर तलाठ्याकडे अर्ज करून वारस नोंद करून घ्यावी. त्यात मुलींची नावे वगळू नयेत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. जमीन परत दिल्याचा हुकूम, रक्कम भरल्याची पावती, जुने फेरफार यांच्या नकला जपून ठेवाव्यात. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मुखत्यारपत्रावर अंगठा अथवा सही करू नये.

आपल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसून घरचा सातबारा वाचून दाखवावा. एका कागदावरच्या चार ओळी कळल्या, तर कित्येक एकर वाचू शकतात.