औषधि-परवाना करारातील हृद्‌रोगोपचार-क्षेत्राची व्याख्या

औषधावरील एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, धारक दुसऱ्या कंपनीस त्या औषधाच्या निर्मितीचा व विक्रीचा परवाना देताना तो ठराविक रोगांच्या उपचारापुरता मर्यादित करू शकतो. या मर्यादेस उपयोगक्षेत्र असे म्हणतात. हृद्‌रोगोपचार हे असेच एक महत्त्वाचे उपयोगक्षेत्र होय. एकच औषध अनेक विकारांवर गुणकारी ठरू शकत असल्याने निरनिराळी क्षेत्रे निरनिराळ्या परवानाधारकांकडे सोपविता येतात किंवा काही क्षेत्रे धारकास स्वतःकडे राखून ठेवता येतात. परवानाधारकाचा अनन्य हक्क कोठे संपतो, स्वामित्वशुल्क कोणत्या विक्रीवर देय होते आणि पुढील चाचण्या कोणी करावयाच्या, हे सर्व या क्षेत्राच्या व्याख्येवर अवलंबून असते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्ये जनरल टॉकिंग पिक्चर्स खटल्यात, ध्वनिवर्धकांच्या संदर्भात, उपयोगक्षेत्राची मर्यादा घालणारा परवाना वैध ठरविला. भारताच्या १९७० च्या एकस्व अधिनियमातील कलम ३ नुसार ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग शोधणे हे एकस्वास पात्र ठरत नाही. त्यामुळे भारतात एक उपयोग दुसऱ्यापासून वेगळा राखण्याचे काम मुख्यतः कराराच्या शब्दांनाच करावे लागते.

व्याख्येतील अडचणी : ‘हृद्‌रोग’ ही संज्ञा व्यवहारात सोयीची असली, तरी करारात ती अपुरी पडते. उच्च रक्तदाब हा रक्तवाहिन्यांशी संबंधित विकार असला, तरी त्याचा भार हृदयावर पडतो. रक्तातील मेदद्रव्ये कमी करणारे औषध हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी दिले जाते. अशा प्रतिबंधास ‘उपचार’ म्हणावे की नाही, हे करारात सांगितले नसल्यास वाद संभवतो. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा आधार घेतल्यानेही प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. त्याच्या दहाव्या आवृत्तीत पक्षाघाताचा झटका रुधिराभिसरण संस्थेच्या रोगांत मोडत असे. २०२२ मध्ये अंमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत तो तंत्रिका तंत्राच्या रोगांत घेण्यात आला आहे. म्हणून कोणती आवृत्ती प्रमाण मानावयाची, याचाही उल्लेख करारात आवश्यक ठरतो.

उदाहरणे : हृच्छूलावरील, म्हणजे अंजायनावरील, रॅनोलाझीन या औषधाचा परवाना सीव्ही थेराप्युटिक्स या अमेरिकन कंपनीने १९९६ मध्ये सिन्टेक्सकडून घेतला. तो हृच्छूल व हृद्‌वाहिनीसंस्थेच्या इतर विकारांपुरता होता. २००६ मध्ये करारात दुरुस्ती होऊन मानवी उपचारातील सर्व संभाव्य उपयोगांचे हक्क कंपनीस मिळाले. पुढे मधुमेही रुग्णांत हे औषध रक्तशर्कराही काही अंशी कमी करते असे चाचण्यांत आढळले. मूळ व्याख्याच कायम राहिली असती, तर हा उपयोग कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला असता. डापाग्लिफ्लोझीनचा प्रवास उलट दिशेने झाला. अमेरिकेत २०१४ मध्ये मधुमेहासाठी मान्यता मिळालेल्या या औषधास २०२० मध्ये हृदयाच्या अकार्यक्षमतेसाठी मान्यता मिळाली. ती प्रथम डाव्या जवनिकेची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता घटलेल्या रुग्णांपुरती होती. २०२३ मध्ये ही अट वगळण्यात आली.

क्षेत्रे परस्परांत मिसळली की काय होते, हे कार्व्हेडिलॉलच्या खटल्यावरून दिसते. तो परवान्याविषयीचा नसून एकस्वभंगाचा होता, तथापि त्यातील प्रश्न तोच होता. तेवा कंपनीने २००७ मध्ये हे औषध विक्रीस आणताना माहितीपत्रकातून हृदयाची अकार्यक्षमता हा उपयोग वगळला. परंतु हृदयविकाराच्या झटक्यानंतर डावी जवनिका दुर्बल झालेल्या रुग्णांसाठीचा उपयोग कायम ठेवला. हे दोन्ही रुग्णगट काही अंशी एकच असल्याचा मुद्दा निर्णायक ठरला. २०१७ मध्ये ज्यूरीने सुमारे २३.५ कोटी डॉलरची भरपाई ठरविली. खालच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, तरी अपील न्यायालयाने २०२१ मध्ये तो कायम केला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला.

व्याख्येची रचना : या अनुभवांवरून काही दंडक सुचतात. रोगाच्या केवळ नावाऐवजी मोजता येण्याजोगी लक्षणे नमूद करावीत, उदा., २०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार डाव्या जवनिकेतून प्रत्येक ठोक्याला बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून कमी असल्यास हृदयाची अकार्यक्षमता घटलेल्या प्रमाणाची मानली जाते. प्रतिबंध, निदान व संयुक्त औषधे क्षेत्रात येतात किंवा नाहीत, हे स्वतंत्रपणे सांगावे. वगळलेल्या विकारांची यादी द्यावी. डॉक्टर मान्यतेबाहेरील विकारासाठी औषध लिहून देतात तेव्हा त्या विक्रीवरील शुल्काची वाटणी कशी करावयाची, तेही ठरवावे. करारानंतर उघडकीस येणाऱ्या उपयोगांचा हक्क कोणाचा आणि त्यांचा विकास ठराविक मुदतीत न झाल्यास तो परत कोणाकडे जातो, हे कलम सर्वांत महत्त्वाचे होय. ते नसल्यास नव्या उपयोगावर दोन्ही पक्ष हक्क सांगतात, परंतु चाचण्यांचा खर्च कोणीही उचलत नाही आणि उपयुक्त ठरू शकणारे औषध रुग्णापर्यंत पोहोचत नाही.