संगणक सुरू होत नाही? आधी माहिती वाचवा
नवी मुंबई - खाडीकाठच्या या शहरात पावसाळ्यातील दमट हवेने संगणकातील धूळ चिकट होते आणि रॅमच्या धातूच्या पट्ट्यांवर मळ चढतो. पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. वीजजोडणी काढून रॅम बाहेर घ्यावी, पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा घट्ट बसवावी. काही मिनिटांतच संगणक बंद पडत असल्यास प्रोसेसरवरील पंखा तपासावा. तारीख-वेळ वारंवार चुकत असल्यास मदरबोर्डवरील ३ व्होल्टची बॅटरी बदलावी.

हार्ड डिस्कमधून 'टकटक' आवाज येत असल्यास मात्र संगणक पुन्हा पुन्हा सुरू करू नये. जाणकाराकडून आधी माहिती काढून घ्यावी. विंडोज नव्याने टाकण्याच्या घाईत डिस्क फॉरमॅट केल्यास घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रे कायमची गमावण्याची भीती असते.