स्थिर केलेली माती आणि औषधी वनस्पती

नवी मुंबईच्या तळोजा औद्योगिक परिसरातील घातक कचरा प्रक्रिया केंद्रात जड धातुयुक्त कचरा पुरण्यापूर्वी सिमेंट, चुना यांसारख्या बंधकांत मिसळून स्थिर करतात. दूषित मातीसाठीही हीच पद्धत योजतात. चुन्याने मातीची आम्लता घटून शिसे व कॅडमियम यांची अल्पविद्राव्य संयुगे बनतात. फॉस्फेट शिशास अधिक दृढ बांधते. मात्र त्यामुळेच आर्सेनिक सुटे होऊ शकते. सर्व धातूंस एकच बंधक चालत नाही.

येथे एक गैरसमज संभवतो. स्थिरीकरण म्हणजे शोधन नव्हे. धातू मातीतच राहतो, केवळ बद्ध होतो. माती पुन्हा आम्ल झाल्यास तो बंध शिथिल होतो. शिवाय झिरप-चाचणी पाण्यात किती धातू उतरतो एवढेच सांगते. वनस्पतीची मुळे स्वतः आम्ले स्रवतात, त्यांचा हिशेब तीत नसतो.

ओलसर जागी वाढणारी ब्राह्मी तर कॅडमियम सहज शोषते. म्हणून औद्योगिक पट्ट्यातील नाल्याकाठची ब्राह्मी वा माका स्वस्त मिळाला तरी औषधालयात घेऊ नये. विक्रेत्याने जमीन स्थिर केल्याचा दाखला दाखविला, तरी प्रत्येक खेपेस वनस्पतीचाच चाचणी-अहवाल मागावा. वनस्पतिज द्रव्यांसाठी विहित मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ आणि कॅडमियम अवघे ०.३ भाग अशा आहेत.