वीतभर तैलचित्र

आम्ही दोघी बहिणी न्यू जर्सीत राहतो. आई अश्दोदला भावाकडे असते. शब्बाथ आटोपला की रविवारी रंगांची पेटी घेऊन हडसन नदीकाठच्या पिअरमाँट गावी जायचे आणि तिथेच बसून एक छोटे निसर्गचित्र तैलरंगात करायचे, असा आमचा काही वर्षांचा नेम आहे. ओळखीची मंडळी विचारतात, सामान काय लागते? आणि फोटो काढून घरीच का रंगवत नाही? दोन्ही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रथम तेलाविषयी. कोकणात आपल्या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण घाण्यावर तेल काढणारे आपले वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यांना हे नक्की ठाऊक असणार की सगळी तेले सारखी नसतात. खोबरेल कितीही दिवस उघडे ठेवा, ते सुकत नाही. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. या तेलात रंगाची पूड घोटली की तैलरंग तयार होतो. पूर्वी असा रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. ती फुटे, रंग वाळे. 1841 साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले, आणि तैलरंग बाहेर नेणे खूप सोपे झाले.

आमचे सामान थोडके आहे. सहा बाय आठ इंचांच्या पातळ लाकडी फळ्या, त्यांवर आधीच गेसोचे दोन हात दिलेले. रंग सहाच: टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर, अलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. हिरवा विकत घेत नाही. निळ्यापिवळ्यातून करतो, म्हणजे प्रत्येक झाडाचा हिरवा वेगळा होतो. तीनचार ब्रश, एक सुरी, फडकी, आणि ओले चित्र न पुसता घरी आणण्यासाठी खाचा असलेली पेटी. एक पांढरी किंवा काळी छत्रीही लागते. फळीवर ऊन पडू दिले तर रंग उजळ भासतात, आपण ते गडद करत जातो, आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. पहिली पाच-सहा चित्रे आम्ही अशीच घालवली.

आता काम. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दोन तासांत सावल्या पार बदलतात, म्हणून चित्र दीड तासाचेच धरावे. डोळे किलकिले करून पाहिले की बारीकसारीक गोष्टी विरतात आणि तीनचार मोठे आकार उरतात: आकाश, पलीकडचा काठ, पाणी, जवळचे गवत. आधी सावल्यांच्या जागा पातळ रंगाने ठरवून टाकाव्यात आणि नंतर ऊन सरकले तरी त्या बदलू नयेत. मग मधले रंग, शेवटी उजेडाचे जाड फटकारे. पातळावर जाड, कमी तेलावर जास्त तेल, हा नियम घरीही पाळायचा. उलटे केल्यास वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि भेगा पडतात.

मग घरी काय करायचे? याचे उत्तर याच नदीच्या काठी आहे. ओलाना ही फ्रेडरिक चर्च या चित्रकाराची टेकडीवरची वास्तू आज सर्वांना पाहता येते. चर्च 1853 आणि 1857 साली दक्षिण अमेरिकेत गेला, तिथे रेखाटने आणि छोटे अभ्यास केले, आणि त्यांच्या आधारे न्यू यॉर्कमधल्या स्टुडिओत ‘हार्ट ऑफ द अँडीज’ हे सुमारे साडेपाच फूट उंच, दहा फूट रुंद चित्र 1859 साली पूर्ण केले. त्याची दोन हजारांहून अधिक रेखाटने आणि छोटी तैलचित्रे न्यू यॉर्कच्या कूपर ह्यूइट संग्रहालयात आहेत. मोठे चित्र झाले तरी त्याने छोटी फेकली नाहीत. त्या जागेची साक्ष त्यांच्यातच होती.

हे आम्हाला उशिरा कळले. आईचे बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेले. तिच्या पंच्याहत्तरीला पिअरमाँटचे मोठे चित्र पाठवायचे ठरवले. सुक्कोथच्या सुट्टीत, पाने लाल झालेली असताना केलेले छोटे चित्र आणि फोनमधला फोटो समोर ठेवून महिनाभर घरी रंगवत बसलो. छोट्या चित्रात गवताखाली चिखलाचा एक करडा पट्टा होता. तो घाणेरडा वाटला, म्हणून मोठ्यात काढून टाकला आणि तिथे छान निळे पाणी घातले. मग तेच निळे छोट्या चित्रातही लावून ते ‘दुरुस्त’ केले.

चित्र पोहोचल्यावर आईने फोनवर विचारले, “अगं, भरती होती का ओहोटी?”

आम्हाला सांगता येईना. हडसनमध्ये समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते. भरती-ओहोटी थेट ट्रॉय शहरापर्यंत, सुमारे दीडशे मैल, जाणवते. आपल्या भाषेत ही खाडीच. आईला त्या चित्रात तेच बघायचे होते, आणि ते सांगणारा पट्टा आम्ही दोनदा पुसला होता. फोटोत तो भाग काळ्या सावलीत बुडालेला. जे आम्ही डोळ्यांनी पाहून लावले होते, ते परत मिळण्याची सोय राहिली नव्हती.

तेव्हापासून नियम केला आहे: बाहेर केलेल्या चित्राला घरी हात लावायचा नाही. काही चुकले असेल तर शेजारी दुसरी फळी घेऊन नवे करायचे.

एक धोक्याची सूचना. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते. तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर काडी न लावता पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. आणि या भागात गवतात बसायचे तर पायमोजे विजारीवर ओढावेत, घरी आल्यावर अंग तपासावे. इथल्या गोचिडीपासून लाइमचा आजार होतो.

आईला आता आम्ही वाळलेल्या छोट्या फळ्याच पाठवतो. मागे पेन्सिलने तारीख, वेळ आणि पाणी चढते की उतरते, एवढे लिहिलेले असते. ती आधी समोरून पाहून ओळखते आणि मग फळी उलटून पडताळते. तिचे चुकले, तर चूक आमची धरतो.