मडफ्लॅप हवा, पण रंगाला टेकलेला नको

मडफ्लॅप बसवला म्हणजे फेंडरचा रंग वाचला, असं बहुतेक गाडीमालक धरून चालतात. पण दोन-तीन पावसाळे गाडीवर राहिलेला फ्लॅप स्क्रू काढून बाजूला केला, की वेगळंच दिसतं. मागे वाळलेल्या चिखलाचा घट्ट पापुद्रा बसलेला असतो. तो धुऊन काढल्यावर खाली फ्लॅपच्या कडेचा आकार जसाच्या तसा उमटलेला सापडतो. आजूबाजूचा रंग चकचकीत असतो आणि ही बोटभर रुंदीची पट्टी मात्र निस्तेज, खरखरीत होऊन गेलेली असते. स्क्रूच्या छिद्राभोवती तपकिरी कडं दिसतं आणि त्याच्या शेजारी रंगाला एखादा फुगवटा आलेला असतो. ज्या कामासाठी फ्लॅप लावला ते काम त्याने चोख केलेलं असतं, म्हणजे दारांवर आणि मागच्या फेंडरवर खडे बसू दिलेले नसतात. नुकसान झालेलं असतं ते तो जिथे गाडीला टेकला होता तिथेच. म्हणून फ्लॅप लावावा की लावू नये, हा वाद घालत बसण्यापेक्षा तो रंगाला टेकतो कुठे आणि टेकल्यावर मधल्या जागेत काय चालतं, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

पहिला आक्षेप असा येतो की स्पोर्ट्स कार काही शेतात जात नाही, मग तिला मडफ्लॅप हवाच कशाला? चिखलापुरतं बोलायचं तर आक्षेप बरोबर आहे, पण फ्लॅपचं खरं काम खडे अडवण्याचं आहे. अशा गाड्यांचे टायर रुंद असतात, बॉडीच्या कडेपर्यंत बाहेर आलेले असतात आणि पकड वाढावी म्हणून त्यांचं रबर मऊ ठेवलेलं असतं. मऊ रबर बारीक खडी सहज उचलतं. टायरच्या खाचेतून सुटलेला खडा गाडीच्या तुलनेत साधारण गाडीच्याच वेगाने फेकला जातो. ताशी 100 किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सुमारे 28 मीटर होतात. त्यात या गाड्यांचे मागचे फेंडर दारांपेक्षा बाहेर फुगलेले असतात, म्हणजे पुढच्या चाकाने उडवलेल्या खड्याच्या अगदी वाटेत. जुन्या पोर्शे 911 टर्बोच्या मागच्या फेंडरवर, चाकाच्या अगदी पुढे, कारखान्यातूनच संरक्षक पट्टी लावलेली असायची ती याच कारणाने. रॅलीच्या गाड्यांनाही मोठे फ्लॅप असतात. थोडक्यात, फ्लॅप ही हौस नाही. काम सुरू झालेल्या रस्त्यांवरची सुटी खडी आणि घाटातल्या वळणावर साचलेली वाळू पाहिली, तर आपल्याकडे त्याची गरज जास्तच आहे.

आता रंगाकडे येऊ. कारखान्यात दिलेला गाडीचा रंग, सगळे थर धरून, साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा ही सगळी जाडी मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याइतकीच भरते. त्यातही चमक देणारा आणि उन्हापासून जपणारा वरचा क्लिअर कोट फक्त 35 ते 50 मायक्रॉनचा. त्याच्यासमोर उभी असते ती रस्त्यावरची धूळ. खनिजांची कठीणता मोजायच्या मोह्स मापावर वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर येतं. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं 5 ते 6 च्या आसपास येतात. क्लिअर कोट या सगळ्यांपेक्षा कितीतरी मऊ. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यावरची धूळ या रंगाला घासून काढायला पुरेशी कठीण आहे. फक्त ती दाबून धरणारं आणि मागेपुढे हलवणारं काहीतरी लागतं. रंगाला टेकवून बसवलेला फ्लॅप नेमकं हेच करतो. तो आणि फेंडर यांच्यामध्ये अडकलेली ओली धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

फ्लॅप तर घट्ट आवळलेला असतो, मग तो हलतो कसा? तीन कारणांनी. पहिलं कारण वारा. ताशी 100 किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 460 न्यूटन असतो. 20 बाय 25 सेंटीमीटरचा फ्लॅप पूर्ण वाऱ्यात आला, तर त्याच्यावर दोन-अडीच किलो वजनाइतका जोर येतो. प्रत्यक्षात चाकाच्या आडोशामुळे तो कमी भरतो, पण तो सतत कमीजास्त होत राहतो आणि फ्लॅपचं खालचं टोक फडफडतं. खाली झालेली ही हालचाल वरच्या टेकलेल्या कडेपर्यंत पोहोचते. दुसरं कारण कडक सस्पेन्शन. रस्त्याची प्रत्येक खरखर अशा गाडीच्या बॉडीत उतरते. तिसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे ऊन. कडक फ्लॅपसाठी वापरलं जाणारं एबीएस प्लॅस्टिक पोलादाच्या सहा-सातपट प्रसरण पावतं. पहाटेच्या गारव्यात आणि भर दुपारी उन्हात उभ्या गाडीवर काळ्या प्लॅस्टिकच्या तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर 30 सेंटीमीटर लांबीची कड जवळजवळ एक मिलिमीटर वाढते आणि तेवढाच पोलादी पत्रा जेमतेम 0.15 मिलिमीटर. उरलेला फरक रंगावर घासून भरून निघतो. गाडी जागेवरून हललेली नसली तरी. खडा एकदा लागून जातो, हे घासणं मात्र रोज चालू असतं.

घासण्याच्या जोडीला पाणी येतं. एक मिलिमीटरपेक्षा बारीक फटीत पाणी केशाकर्षणाने धरून ठेवलं जातं. तिथे ऊन पोहोचत नाही आणि वाराही खेळत नाही. गाडी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसत असताना फ्लॅपमागचा चिखल ओलाच असतो. कोकणात आणि गोव्यात या चिखलात जांभ्याची बारीक लाल माती असते आणि किनाऱ्यालगत हवेतलं मीठही तीत मिसळतं. रंग शाबूत असेपर्यंत हे चालून जातं, पण फ्लॅप लावताना ड्रिलने छिद्र पाडलेलं असेल तर नाही. छिद्राच्या कडेला रंगाचे सगळे थर आणि पत्र्यावरचा जस्ताचा मुलामाही कापला जातो. पोलादी फेंडरचा गंज इथूनच रंगाखाली सरकू लागतो. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. फोर्ड मस्टँगची जी पिढी 2016 मध्ये भारतात अधिकृतपणे विक्रीला आली, तिचे पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. अशा फेंडरमध्ये साधा लोखंडी स्क्रू घातला आणि खारं पाणी लागलं, की दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसू लागते आणि रंगाला फोड येतात. 1953 पासून फायबरग्लासची, म्हणजे धातूविना बॉडी वापरणाऱ्या शेव्हरोले कॉर्व्हेटला गंजाची भीती नाही, पण तिचाही रंग घासला जातोच आणि स्क्रू जास्त आवळला तर छिद्रापाशी तडा जातो.

एवढं लक्षात घेतलं की उपाय आपोआप ठरतात. पहिला उपाय म्हणजे फ्लॅप टेकवायचाच नाही. तो फेंडरच्या बाहेरच्या रंगीत पृष्ठभागावर धरण्याऐवजी चाकाच्या कमानीच्या आत, प्लॅस्टिकच्या लायनरवर बसवावा. लायनर धरणारे कंपनीचे स्क्रू आणि क्लिपा तिथे आधीच असतात. तीच छिद्रं वापरली तर ड्रिलची गरज बहुधा पडत नाही. फ्लॅप आणि फेंडरची कड यांच्यामध्ये नायलॉनचे किंवा रबराचे वॉशर घालून चार-पाच मिलिमीटरची फट ठेवावी. फट ठेवली तर उलट जास्त चिखल शिरेल, अशी शंका इथे घेतली जाते. चिखल शिरतो हे खरं, पण रुंद फटीत तो दाबला जात नाही, पाणी अडून राहत नाही आणि गाडी धुताना पाइपचा फवारा आरपार जातो. धोका बारीक फटीचा आहे, मोठ्या फटीचा नाही. नवं छिद्र पाडणं टळतच नसेल तर कापलेल्या कडेला प्रायमर आणि टचअपचा रंग लावून तो पूर्ण वाळू द्यावा, छिद्रात रबरी ग्रोमेट घालावा आणि मगच स्क्रू बसवावा. अ‍ॅल्युमिनियमच्या फेंडरला स्टेनलेसचा स्क्रूही नायलॉनच्या वॉशरशिवाय लावू नये.

कित्येक गाड्यांच्या फेंडरचा आकारच असा असतो की फ्लॅपची कड कुठेतरी टेकतेच. तिथे दुसरा उपाय करायचा, म्हणजे मध्ये पीपीएफ, रंगावर चिकटवायची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. मूळची ती हेलिकॉप्टरच्या पात्यांची कड वाळूपासून वाचवायला तयार झाली, तेव्हा हे काम तिला नवीन नाही. साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची ही फिल्म स्वतः झिजते आणि रंगाला झिजू देत नाही. लावायची पद्धत मात्र काटेकोर हवी. फ्लॅप जागेवर धरून कागदावर त्याचा आकार काढून घ्यावा आणि फिल्म त्याहून सगळीकडून सेंटीमीटरभर मोठी, कोपरे गोल ठेवून कापावी. फिल्मची कड आणि फ्लॅपची कड एकाच रेषेत आली तर फडफडीने फिल्म उचलली जाते आणि धूळ तिच्याखाली शिरते. रंग शाम्पूने धुऊन, क्ले बारने चिकटलेले कण काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा. साबणाच्या पाण्यावर फिल्म सरकवून स्क्वीजीने पाणी बाहेर काढावं आणि दिवसभर तरी फ्लॅप लावू नये. फेंडर नुकताच गॅरेजमध्ये रंगवलेला असेल तर महिनाभर थांबावं, कारण नव्या रंगातलं द्रावण उडून जायला वेळ लागतो.

याच कामासाठी बाजारात सुचवले जाणारे काही उपाय मात्र टाळलेले बरे. सिरॅमिक कोटिंगचा थर सहसा एक-दोन मायक्रॉनचा असतो. पाणी घसरून जायला तो चांगला, पण दाबून घासल्या जाणाऱ्या वाळूपुढे त्याचा टिकाव लागत नाही. फोमची पट्टी मऊ म्हणून बरी वाटते, पण उघड्या छिद्रांचा फोम पाणी शोषतो आणि ते रंगालाच लावून धरतो. कडेभोवती सिलिकॉन भरून फट बंद करण्याने तर शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या धातूचं नुकसान करतं. नुसत्या डबल टेपवर फ्लॅप चिकटवला तर तो एखाद्या दिवशी रंगाचा पोपडा घेऊनच सुटतो.

फ्लॅप कसला आणि केवढा, यावरही बरंच अवलंबून आहे. कडक प्लॅस्टिकचा फ्लॅप दिसायला नीटनेटका, पण गाडी मागे घेताना तो पार्किंगच्या दगडाला अडला आणि टायर त्यावर चढला, तर तो वाकत नाही, फेंडरची कड ओढून बाहेर काढतो. त्या एका धक्क्यात जे डेंटिंगचं काम निघतं, त्यापुढे खड्यांचे टवके परवडले. मऊ पॉलियुरेथेनचा किंवा रबराचा फ्लॅप अशा वेळी दुमडतो. लांबीचा मोह आवरावा. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांवर ज्या गाडीचं पोटच घासतं, तिच्या फ्लॅपने जमिनीला टेकायचं कारण नाही. बसवून झाल्यावर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे लागत नाही ना, हे तिथल्या तिथे पाहून घ्यावं.

एक आक्षेप अजून उरतो आणि तो वजनदार आहे. कंपनीचेच, त्या मॉडेलसाठी साच्यात काढलेले फ्लॅप घेतले तर एवढा खटाटोप कशाला? असे फ्लॅप नक्कीच चांगले बसतात आणि त्यांना सहसा नवं छिद्र लागत नाही. पण ते जितके तंतोतंत बसतात तितकी त्यांच्यामागची फट बारीक होते आणि बारीक फट काय करते ते वर आलंच आहे. धूळ ब्रँड पाहून थांबत नाही. त्यामुळे फिल्म त्यांच्याखालीही हवी. फिल्मचा गोंद रंग खराब करतो, ही तक्रारही ऐकू येते. ती पिवळी पडेपर्यंत, कडा तडकेपर्यंत ठेवली किंवा निकृष्ट पद्धतीने रंगवलेल्या फेंडरवर लावली, तर काढताना त्रास होतो, हे कबूल. चांगल्या रंगावरची फिल्म हलक्या उष्णतेने, लहान कोनात ओढली तर स्वच्छ निघते. तळहाताएवढ्या फिल्मचा खर्च एका फेंडरच्या रंगकामापुढे नगण्य आहे.

तरीही फिल्म आणि वॉशर लावले की काम संपलं, असं नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा चारही फ्लॅप काढावेत, मागचा चिखल भरपूर पाण्याने, न घासता वाहून जाऊ द्यावा, फिल्मच्या कडा आणि छिद्रं तपासावीत आणि सगळं कोरडं करून पुन्हा बसवावं. गॅरेजला हे तासाभराचं काम आहे. वर्षातून दोनदा एवढं करायची तयारी असेल तर स्पोर्ट्स कारला मडफ्लॅप जरूर लावा. नसेल, तर फ्लॅपच्या भानगडीत न पडता खडे लागणाऱ्या जागी नुसती फिल्म लावा. रंग जास्त टिकेल.