चार नावांची एक सही

आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या पहिल्या सतरा वर्षांतली कुठलीही रेकॉर्ड घ्या आणि वेष्टन उलटून बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. गाणी कोणाची, याचं उत्तर जवळजवळ दरवेळी एकच असतं: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. क्रम इंग्रजी मुळाक्षरांचा, त्यामुळे ड्रम वाजवणाऱ्या बिल बेरीचं नाव पहिलं आणि शब्द लिहून ते गाणाऱ्या मायकल स्टाइपचं शेवटचं. ऑल्टरनेटिव्ह रॉकचा इतिहास सांगताना या बँडचं स्थान बहुधा त्याच्या नादावरून ठरवतात. पीटर बकच्या रिकनबॅकर गिटारच्या सुट्या तारांचा झणत्कार, स्टाइपचे पुटपुटल्यासारखे शब्द, माइक मिल्सचा बेस. हा नाद मोलाचा आहेच. पण मला वाटतं, तो तीस वर्षं टिकला याचं कारण त्या चार आडनावांच्या ओळीत आहे. हा बँड म्हणजे आधी एक भागीदारी होती, आणि तिचा करार गाण्यांइतकाच विचार करून केलेला होता.

बाहेरून पाहणाऱ्याला या कराराचं महत्त्व चटकन कळत नाही, कारण गाण्याचा पैसा दोन वाटांनी येतो. रेकॉर्ड विकली की वाजवणाऱ्यांना वाटा मिळतो. पण गाणं रेडिओवर लागलं, दुसऱ्या कोणी गायलं, सिनेमात वापरलं, की ज्याच्या नावावर गाणं आहे त्याला वेगळी रॉयल्टी मिळते आणि ती वर्षानुवर्षं येत राहते. बहुतेक बँडमध्ये हे नाव एकाचं किंवा दोघांचं असतं. एकाच गाडीतून गावोगाव फिरणाऱ्यांपैकी एकाचं घर उभं राहतं आणि दुसरा भाड्याच्या खोलीत राहतो. मग स्टुडिओत ‘कोणाचं गाणं घ्यायचं’ हा प्रश्न संगीताचा उरत नाही. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावी ५ एप्रिल १९८० रोजी, एका जुन्या चर्चमध्ये वाढदिवसाच्या पार्टीत पहिल्यांदा वाजवलेल्या या चौघांनी तो प्रश्नच बाद केला. नाव चौघांचं, पैसा चौघांत सारखा, आणि कोणत्याही निर्णयाला एकाचा जरी नकार असला तरी तो निर्णय रद्द.

यावर पहिला आक्षेप येतो तो न्यायाचा. काम कमी-जास्त असताना मोबदला सारखा कसा? प्रत्यक्ष गाणी पाहिली की या आक्षेपातली हवा जाते. १९९२ च्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’मधलं ‘एव्हरीबडी हर्ट्स’ जगभर पोचलं. त्याची मूळ कल्पना आणि चाल मुख्यतः बेरीची, म्हणजे ड्रमरची. त्याच गाण्याचा बराचसा ठेका साध्या ड्रम मशीनवर ठेवला आहे. आपल्या वाद्याला जागा मिळालीच पाहिजे असा हट्ट नसलेला ड्रमरच हे करू शकतो, आणि गाण्यावर आपलं नाव असणारच ही खात्री असेल तर हट्ट सोडणं सोपं जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चौघांनाही पटेल तेच करायचं म्हटलं तर धाडस मरतं, सगळं गुळमुळीत होतं. इथे इतिहास उलट साक्ष देतो. पहिल्या अल्बमसाठी आय.आर.एस. या रेकॉर्ड कंपनीनं आधी स्टीफन हेग हा निर्माता दिला होता. त्यानं ‘कॅटापल्ट’ हे एकच गाणं इतक्या वेळा वाजवून घेतलं की बेरी पार खचला. वर चौघांना न विचारता त्यावर कीबोर्ड चढवले गेले. चौघे अडून बसले, कंपनीला वाकावं लागलं, आणि मिच ईस्टर व डॉन डिक्सन यांच्याबरोबर १९८३ चा ‘मर्मर’ झाला. ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याची निवड केली, तीही ‘थ्रिलर’ हा अल्बम गाजत असताना. १९८८ मध्ये वॉर्नरसारख्या बड्या कंपनीत गेल्यावरही हेच. बक नव्यानं मँडोलिन शिकत होता. टीव्हीसमोर बसून छेडलेले सूर त्यानं टेपवर घेतले होते, त्यांतून एक तुकडा सापडला आणि ‘लूझिंग माय रिलिजन’ उभं राहिलं. हिंदी सिनेगीतांवर पोसलेल्या आपल्या कानाला मँडोलिन परकं नाही, पण १९९१ च्या अमेरिकन रॉकमध्ये ते चमत्कारिक होतं, शिवाय गाण्याला नेहमीसारखं धृपद नाही. कंपनी बिचकत होती, तरी बँडनं अल्बममधून पहिलं हेच काढलं. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी त्याचा व्हिडिओ केला आणि तो भारतातही पुष्कळांनी पाहिला. नकाराचा अधिकार चौघांना असल्यामुळे बाहेरच्याला त्यांच्यात फट सापडत नव्हती, असा माझा अर्थ.

मात्र या भागीदारीची किंमतही मोजावी लागली, आणि ती मान्य केली पाहिजे. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे कार्यक्रम चालू असताना मेंदूतली रक्तवाहिनी फुटून बेरी कोसळला. तो वाचला, पण १९९७ मध्ये त्यानं बँड सोडायचं ठरवलं. आपल्या जाण्यानं बँड मोडणार असेल तर आपण थांबतो, असं त्यानं तिघांना सांगितलं. तिघांनी त्याला मोकळं केलं. त्याच्या जागी उत्तम ड्रमर आले, पण चौथा भागीदार कोणालाच केलं नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या गाण्यांवर तीनच नावं आहेत. चौकोनाचा कोपरा गेला की बाकीचे कोपरे जागेवर राहत नाहीत, हे त्यानंतरच्या अल्बमांत ऐकू येतं. ‘अप’ हा अल्बम करताना बँड मोडायच्या बेतात होता, आणि २००४ चा ‘अराउंड द सन’ निर्जीव वाटतो. बकनंही त्याबद्दलची नाराजी लपवली नाही. नवा भागीदार घेतला असता तर? कदाचित निभावलं असतं. पण बेरीची जागा भरता येण्यासारखी मानली असती, तर पहिली सतरा वर्षं ती जागा बरोबरीची होती असं म्हणता आलं नसतं.

पंधरा अल्बमनंतर, वॉर्नरचा करार पुरा झाल्यावर, २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी बँड विसर्जित केला. ना कोर्टकचेरी, ना वर्तमानपत्रांतून एकमेकांवर चिखलफेक. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. हा मान वादकांचा नाही, गाणी रचणाऱ्यांचा. तो घ्यायला चौघेही आले, बँड सोडून शेतीकडे वळलेला बेरीसुद्धा, आणि चौघांनी मिळून ‘लूझिंग माय रिलिजन’ वाजवलं.